क्रिएटिनिन १.१, पण कोणाचे?

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘सिरम क्रिएटिनिन १.१’ असे छापून येते आणि शेजारच्या रकान्यात नॉर्मलची मर्यादा १.२ किंवा १.३ पर्यंत दिलेली असते. आकडा ठळक केलेला नसतो, पुढे वर जाणारा बाण नसतो. ‘किडनी चांगली आहे’ असे म्हणून कागद फाइलमध्ये जातो. आता हाच १.१ दोन माणसांच्या रिपोर्टवर आहे असे धरू. एक २५ वर्षांचा, ८० किलो वजनाचा, अंगापिंडाने भरलेला तरुण. दुसऱ्या सत्तरीच्या, दीड मीटर उंचीच्या, ४५ किलो वजनाच्या आजी. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे १९७६ सालचे सूत्र लावले, तर तरुणाची मूत्रपिंडे मिनिटाला ११६ मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनमुक्त करतात, आणि आजींची फक्त ३४. सध्या अनेक लॅब वापरू लागल्या आहेत ते सीकेडी-ईपीआयचे २०२१ चे सूत्र लावले, तर तरुणाला साधारण ९५ मिळतात आणि आजींना ५४. म्हणजे क्रिएटिनिन एक, माणसे दोन, उत्तरे चार. शिवाय ३४ आणि ५४ यांतला फरक कागदापुरता राहत नाही. काही औषधांचा डोस त्या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी बदलतो.

क्रिएटिनिनचा आकडा आधी स्नायूंबद्दल बोलतो आणि मग मूत्रपिंडाबद्दल, हे एकदा मान्य केले की पुढचा सगळा गोंधळ समजू लागतो. आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ ऊर्जेच्या देवघेवीसाठी साठवलेला असतो. त्यातला रोज एक ते दोन टक्के भाग आपोआप, कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय, क्रिएटिनिनमध्ये बदलतो. ते शरीराच्या काही उपयोगाचे नसते. रक्तात उतरते, मूत्रपिंडातल्या केशिकागुच्छांतून सहज गाळले जाते आणि लघवीवाटे निघून जाते. स्नायू जितके जास्त, तितके रोज तयार होणारे क्रिएटिनिन जास्त. रक्तातली त्याची पातळी म्हणजे आवक आणि जावक यांचा समतोल. टाकीच्या तळाशी किती गाळ साचला आहे एवढेच पाहून गाळणीची ताकद सांगायची, आणि नळातून किती गाळ येतो हे मात्र विचारायचे नाही, असा हा प्रकार आहे. आजींच्या अंगात क्रिएटिनिन तयारच कमी होते. तरीही ते १.१ पर्यंत साचले, याचा अर्थ जावक मंदावली आहे. तरुणाच्या अंगात त्याची आवक मोठी आहे, त्याचे १.१ ही अगदी रास्त गोष्ट आहे.

आणखी एक खोच आहे. आवक तीच राहिली, तर गाळण्याचा वेग निम्मा झाल्यावर रक्तातले क्रिएटिनिन दुप्पट होते. ज्या बाईचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे ०.६ होते, तिचे १.२ झाले तर तिच्या मूत्रपिंडाचे जवळजवळ अर्धे काम गेलेले असते, आणि दोन्ही आकडे लॅबच्या नॉर्मलमध्येच बसतात. त्यानंतरची पडझड मात्र ढळढळीत दिसते, कारण अर्ध्याचे पाव झाले की क्रिएटिनिन २.४ वर जाते. म्हणजे ज्या टप्प्यात काही करता येण्यासारखे असते त्याच टप्प्यात हा आकडा सर्वांत कमी बोलतो. गरोदरपणात तर उलटा पेच असतो. गाळण्याचा वेग जवळपास दीडपट होतो आणि क्रिएटिनिन उतरते, त्यामुळे एरवी कोणाच्या डोळ्यांत न भरणारे ०.९ गरोदर बाईच्या रिपोर्टवर दिसले, तर डॉक्टरने ते गंभीरपणे घ्यायला हवे.

मूत्रपिंडाचे काम आकड्यात पकडण्याची धडपड शंभर वर्षांची आहे. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल ब्रांट रेहबर्ग यांनी १९२६ मध्ये बाहेरून दिलेले क्रिएटिनिन वापरून माणसाच्या मूत्रपिंडातून किती द्रव गाळला जातो याचा हिशेब मांडला. दोन-तीन वर्षांतच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरियाच्या अभ्यासातून ‘क्लिअरन्स’ ही कल्पना रूढ केली. १९३०च्या दशकात होमर स्मिथ आणि इतरांनी इन्युलिन हा कसोटीचा दगड म्हणून बसवला. हा वनस्पतींच्या कंदमुळांतला पिष्टासारखा पदार्थ. तो नुसता गाळला जातो, मूत्रपिंडाच्या नलिका त्याला परत घेत नाहीत आणि वरून भरही घालत नाहीत. पण त्यासाठी शिरेतून सतत इन्युलिन द्यावे लागते, पुन्हापुन्हा रक्त आणि लघवी घ्यावी लागते. गावोगावच्या दवाखान्यांत हे होणार नव्हते. मग शरीर स्वतःच रोज जे तयार करते ते क्रिएटिनिन सगळ्यांना सोयीचे वाटले, यात नवल नाही. क्लिअरन्स म्हणजे काय, तर लघवीवाटे मिनिटाला जेवढे क्रिएटिनिन बाहेर पडले, तेवढे किती मिलिलिटर रक्तद्रवात होते? लघवीतले प्रमाण गुणिले लघवीचा मिनिटागणिक वेग, भागिले रक्तातले प्रमाण. शाळेतल्या त्रैराशिकाइतका सरळ हिशेब.

तो सरळ राहत नाही तो लघवी गोळा करण्यापाशी. चोवीस तासांची लघवी जमा करायची म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी सातला उठल्यावरची लघवी टाकून द्यायची, घड्याळ तिथून सुरू करायचे, त्यानंतरचा प्रत्येक थेंब लॅबने दिलेल्या कॅनमध्ये घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सातची लघवी त्यातच घालून कॅन नेऊन द्यायचा. शौचाला गेल्यावर निसटलेली लघवी, बाजारात गेल्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहात केलेली लघवी, रात्री झोपेत विसरलेली लघवी, हे सगळे हिशेबातून गळते. ५० किलोच्या बाईंनी चोवीस तासांत दीड लिटर लघवी जमवली, तिच्यात डेसिलिटरमागे ६० मिलिग्रॅम क्रिएटिनिन आहे आणि रक्तात १.० आहे, असे समजा. क्लिअरन्स येतो ६२ किंवा ६३. त्याच बाईंकडून अर्धा लिटर वाया गेली, तर उत्तर ४२ वर येते. मूत्रपिंड तेच, चूक कॅनची. ती पकडायला एक जुनी युक्ती आहे. पहिल्या कॅनमध्ये एकूण ९०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन होते, म्हणजे वजनाच्या किलोमागे १८ मिलिग्रॅम. प्रौढ बायकांत ते साधारण १५ ते २० आणि पुरुषांत २० ते २५ असते, तेव्हा हे पटण्यासारखे आहे. दुसऱ्या कॅनमध्ये किलोमागे १२ च आहे. म्हणजे एक तर स्नायू फार कमी आहेत, नाहीतर लघवी पूर्ण नाही. चोवीस तासांची लघवी मागवणाऱ्याने हा भागाकार करून पाहिला नाही, तर रुग्णाला दिलेला त्रास फुकट गेला असे मी म्हणेन.

कॅन पूर्ण भरला तरी निसर्ग थोडी लबाडी करतोच. क्रिएटिनिन नुसते गाळले जात नाही. मूत्रपिंडाच्या नलिका रक्तातले थोडे क्रिएटिनिन आपल्या वतीने लघवीत ढकलतात. म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स खऱ्या गाळण्यापेक्षा नेहमी चढा दिसतो आणि मूत्रपिंड जितके खालावलेले, तितका हा फुगवटा मोठा. गंमत अशी, की कितीतरी वर्षे दुसऱ्या एका चुकीने ही चूक झाकली होती. मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवले, की पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिन नारिंगी-लाल रंग देते. लॅबमध्ये हीच रीत चालू झाली आणि स्वस्त असल्यामुळे आजही ती अनेक ठिकाणी चालते. पण रक्तातली साखर, कीटोन, प्रथिने हेही थोडा रंग देतात, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा जास्त मोजले जाई. भाजक मोठा झाला की भागाकार लहान होतो. नलिकांनी वाढवलेले उत्तर रंगाने कमी केले आणि हिशेब जुळल्यासारखा वाटत राहिला. मोजणी सुधारली, विकरावर आधारलेल्या पद्धती आल्या, आणि झाकलेली चूक उघडी पडली.

लघवी गोळा करण्याची कटकट टाळण्यासाठीच डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी १९७६ मध्ये आपले सूत्र दिले. मॉन्ट्रियलमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील १८ ते ९२ वयाच्या २४९ रुग्णांच्या माहितीवर ते उभे आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. त्या रुग्णांत किलोमागे रोज बाहेर पडणारे क्रिएटिनिन साधारण २८ वजा वयाचा पाचवा भाग इतके होते: पंचविशीत २३ मिलिग्रॅम, सत्तरीत १४. त्यालाच पाचाने गुणले की १४० वजा वय. दिवसातली १४४० मिनिटे, तो पाच आणि डेसिलिटरचे मिलिलिटर करणारा शंभर यांचा गुणाकार-भागाकार केला की खाली ७२ उरतो. म्हणजे सूत्राचा वरचा भाग मूत्रपिंडाबद्दल एक अक्षर बोलत नाही. ‘या वयाच्या, या वजनाच्या माणसात स्नायू किती असतील’ याचा तो अंदाज आहे. न जमवलेल्या कॅनची जागा अंदाजाने भरली, एवढेच. सैनिकांच्या त्या रुग्णालयात बायका जवळजवळ नव्हत्या, म्हणून बायकांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणावे असे ठरवले गेले, कारण त्यांच्यात स्नायू कमी. हा ०.८५ मोजून काढलेला नाही, तो समजुतीने घातलेला आहे, आणि अर्ध्या जगाच्या औषधांचे डोस आजही त्यातून गाळले जातात.

पुढची सूत्रे मोठ्या माहितीवर आली. १९९९ च्या एमडीआरडी सूत्रामागे १६२८ रुग्ण होते, पण सगळे आधीच मूत्रपिंडाचे आजारी. त्यामुळे निरोगी माणसाला ते विनाकारण खाली ढकलत असे. २००९ च्या सीकेडी-ईपीआयने ते बरेच सावरले. या दोन्ही सूत्रांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता: एकात उत्तर २१ टक्क्यांनी चढे, दुसऱ्यात १६. सरासरीने त्यांचे क्रिएटिनिन तेवढ्याच गाळण्याला थोडे जास्त आढळले, हे त्याचे कारण सांगितले गेले. पण सरासरी ही कोणा एकाच्या अंगात राहत नाही. कागदावर उत्तर चढे आल्यामुळे अनेकांची नावे किडनी-प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा लागली. २०२१ मध्ये नवे सूत्र या गुणकाशिवाय बसवले गेले आणि २०२३ पासून अमेरिकेच्या प्रत्यारोपण-व्यवस्थेने अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. या सगळ्या वादात एक गोष्ट लक्षात येते. माणसाचे स्नायू आणि अन्न हा खरा प्रश्न होता. त्याच्याऐवजी सूत्राने विचारले, तुमची जमात कोणती?

भारतीयांसाठी तर सूत्राने काहीच विचारले नाही. आपण सर्वांत आधी त्या आकड्याच्या शेपटीला जोडलेले १.७३ पाहू. रिपोर्टवर ‘मिलिलिटर प्रति मिनिट प्रति १.७३ चौरस मीटर’ असे लिहिलेले असते. हे शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, आणि ते १९२०च्या दशकातल्या अमेरिकन पंचविशीच्या स्त्री-पुरुषांच्या सरासरीवरून घेतलेले आहे. आपल्या आजींचे क्षेत्रफळ साधारण १.३७ आहे. त्यांचे ५४ हे ‘अमेरिकन आकाराच्या शरीराला जोडून’ आलेले उत्तर आहे. प्रत्यक्ष त्यांच्या अंगात मिनिटाला साधारण ४३ मिलिलिटरच गाळले जातात, तेही सूत्र बरोबर असेल तर. आणि ते बरोबर नसण्याची शक्यता आपल्याकडे थोडी जास्त आहे. चंदीगडच्या पीजीआयमधील संशोधकांनी इन्युलिनने प्रत्यक्ष मोजणी करून २०१८ मध्ये दाखवले, की क्रिएटिनिनवरची प्रचलित सूत्रे भारतीयांचे गाळणे खऱ्यापेक्षा जास्त सांगतात. कमी स्नायू, कमी प्रथिने, मांसाहार नाही किंवा क्वचित. क्रिएटिनिनची आवकच तोकडी, म्हणून सूत्राला मूत्रपिंड तल्लख वाटते. त्याआधी २००५ मध्ये दिल्लीतल्या संशोधकांनी निरोगी किडनी-दात्यांचे सरासरी गाळणे ८१.४ च असते का, असा प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातले शंभर-सव्वाशे हे आपले नॉर्मल आहेच असे नाही, हे त्यातून निघाले.

मग भारतीयांसाठीही एक गुणक काढा, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अमेरिकेने जी चूक वीस वर्षे केली तीच आपण मोठ्या दिमाखात सुरू करू. कोल्हापूरच्या तालमीत रोज दूध-बदाम पिऊन जोर-बैठका मारणारा मल्ल आणि विदर्भातल्या कापसाच्या शेतात मजुरी करणारी, पन्नाशीतच वाळलेली बाई, दोघेही मराठी. एका गुणकाने त्यातल्या एकावर तरी अन्याय होणारच. मल्लाचे १.४ निरोगी असू शकते, मजूर बाईचे ०.९ नसेलही. देशाची सरासरी काढण्यापेक्षा समोरच्या माणसाच्या दंडाकडे पाहणे जास्त शास्त्रीय आहे, असे म्हटले की ते मागासलेले वाटते. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या अंशस्थानी तेच तर लिहिलेले आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो: सूत्रे इतकी ढोबळ असतील, तर ती वापरायचीच कशाला, नुसते क्रिएटिनिन काय वाईट होते? वाईटच होते. आजींचे १.१ नॉर्मल म्हणून कोणी पुढे पाहिले नसते; सूत्राने निदान ५४ तरी सांगितले. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची गोष्ट घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाची पूर्वीची मर्यादा क्रिएटिनिनवर होती, पुरुषांत १.५ आणि स्त्रियांत १.४, तिथे पोहोचले की औषध बंद. त्यामुळे धडधाकट पुरुषांचे चांगले औषध विनाकारण सुटत होते आणि किरकोळ बायकांचे चालू राहत होते. २०१६ मध्ये मर्यादा गाळण्याच्या अंदाजावर आणली गेली, ३० च्या खाली मेटफॉर्मिन नाही. हे सुधारलेले पाऊल होते. चांगल्या सूत्राचे उत्तर दहांपैकी आठ-नऊ लोकांत खऱ्या मोजणीच्या तीस टक्क्यांच्या आत पडते. कानाकोपऱ्यातल्या लॅबमध्ये काही रुपयांच्या तपासणीतून एवढे कळणे थोडे नाही. पण तीस टक्के म्हणजे किती, हेही डोळ्यांसमोर असू द्या. रिपोर्टवरच्या ६० मागे खरा आकडा साधारण पंचेचाळीस ते पंचाऐंशी यांत कुठेही असू शकतो, आणि दर पाच-दहा माणसांतला एक याच्याही बाहेर असतो. लॅब ते ‘५९.७’ असे दशांशासकट छापते तेव्हा ही अचूकता कुठून आली, असा प्रश्न पडतो.

दुसरा आक्षेप औषधशास्त्राचा. नवे सूत्र जास्त बरोबर असेल, तर १९७६ चे म्हातारे सूत्र अजून का पाळायचे? कारण अनेक औषधांच्या चाचण्या त्याच सूत्राने झाल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगॅट्रनच्या मोठ्या चाचणीत कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे उत्तर ३० च्या खाली असलेल्यांना घेतलेच नव्हते. त्या औषधाचे पाकीट जेव्हा ३० म्हणते, तेव्हा ते या सूत्राचे ३० असते. आजी त्या रेषेच्या अगदी काठावर, ३४ वर आहेत. लॅबचा कागद त्यांना ५४ देऊन खूप मोकळी जागा दाखवतो. हृदयाचा ठोका अनियमित असलेल्या अशा बारीक चणीच्या वृद्धांना लॅबचे ५४ पाहून डोस दिला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलट प्रतिजैविकांच्या बाबतीत ३४ ला भिऊन डोस तोडला, तर जंतू उरतात. कर्करोगाच्या कार्बोप्लॅटिनचा डोस तर गाळण्याच्या आकड्यात २५ मिळवून थेट गुणाकाराने काढला जातो; तिथे अंदाजातली चूक सरळ बाटलीत उतरते. त्यामुळे कोणते सूत्र ‘खरे’ हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी विचारता आहात, हे आधी सांगावे लागते.

सूत्र कोणतेही असो, आवक-जावक स्थिर आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. लेप्टोच्या तापात, सर्पदंशात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडे एका रात्रीत बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन जेमतेम एक-दीडने चढलेले असते. त्या सकाळी सूत्र ४० दाखवील, प्रत्यक्ष गाळणे शून्याच्या जवळ असेल. अतिदक्षता विभागात लॅबच्या संगणकाने आपोआप छापलेले ईजीएफआर, म्हणजे सूत्राने काढलेला गाळण्याचा अंदाज, वाचूच नये हे बरे. उलट दिशेचेही प्रसंग आहेत. आदल्या रात्री मटणाचा रस्सा ओरपला, तर शिजलेल्या मांसातल्या क्रिएटिनचे क्रिएटिनिन झालेले असते आणि सकाळचा आकडा वर जातो; ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तपासणीआधी बारा तास मांस टाळायला सांगतात. आपल्या सरकारी एचआयव्ही कार्यक्रमात दिले जाणारे डोल्युटेग्राव्हिर नलिकांचे ते ‘वरचे ढकलणे’ अडवते. क्रिएटिनिन किंचित वाढते, मूत्रपिंडाला काही झालेले नसते. लघवीच्या संसर्गावरचे ट्रायमेथोप्रिमही तसेच. हे माहीत नसलेल्या डॉक्टरच्या हातून चांगले चाललेले औषध बंद होते.

म्हाताऱ्या माणसांना उगाच रोगी ठरवता, ही तक्रारही खोटी नाही. वयाबरोबर गाळणे उतरतेच. ७५ वर्षांच्या माणसाचे ५५ पाहून ‘किडनी फेल’ची भाषा करणारे दवाखाने आहेत. म्हणून तर दीर्घ आजार म्हणायला तीन महिन्यांहून जास्त काळ आकडा ६० च्या खाली हवा किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण हवी, अशी अट आहे. लघवीत अल्ब्युमिन जाते का, ही तपासणी बऱ्याचदा सूत्राहून जास्त बोलते. ५५ असून अल्ब्युमिन शून्यवत असलेला वृद्ध आणि ८० असून लघवीतल्या क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन गमावणारा मधुमेही, यांतला काळजीचा माणूस दुसरा. आपल्याकडे क्रिएटिनिन वर्षातून चारदा आणि ही तपासणी एकदाही नाही, अशा फाइली पोत्याने सापडतील.

स्नायूंचा प्रश्न टाळणारी तपासणी आहे: सिस्टॅटिन-सी. हे छोटे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे दंड बारीक की जाड याने फारसे बिघडत नाही. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला अंदाज एकट्या कोणाहीपेक्षा चांगला असतो, आणि मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२४ मध्ये, जिथे सोय आहे तिथे, त्यालाच झुकते माप दिले आहे. पण थायरॉइड, स्टेरॉइड, लठ्ठपणा, धूम्रपान, शरीरातला दाह यांनी सिस्टॅटिनही हलते. शिवाय ते महाग आहे, तालुक्याच्या लॅबमधून नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. सगळ्यांचे करा असे म्हणणे हे पैशांचा विचार न करता बोलणे आहे. ज्यांच्या बाबतीत निर्णय आकड्याच्या काठावर लटकलेला आहे, त्यांच्यासाठी ते राखावे: आपल्या आजी, पाय कापलेला मधुमेही, यकृत सुकलेला रुग्ण, मल्ल. किडनीदात्याच्या बाबतीत तर अंदाजावर भागवूच नये. त्याचे गाळणे किरणोत्सारी डीटीपीएसारख्या पदार्थाने प्रत्यक्ष मोजतात, आणि तो खर्च अगदी रास्त आहे.

बाकीच्यांसाठी लॅबच्या अर्जावर आणखी दोन रकाने पुरे होतील. आज बहुतेक अर्ज नाव, वय, लिंग यांवर थांबतात. सीकेडी-ईपीआयला तेवढेच लागते म्हणून. वजन आणि उंची लिहून घेतली, तर संगणक १.७३ चे उत्तर, त्या माणसाच्या स्वतःच्या आकाराचे उत्तर आणि कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे उत्तर, तिन्ही एकाखाली एक छापू शकतो. तीन आकडे पाहून लोक गोंधळतील, अशी भीती पॅथॉलॉजिस्ट बोलून दाखवतात. गोंधळतील, आणि आजींच्या ५४, ४३ आणि ३४ कडे पाहून डोस लिहिणाऱ्याने क्षणभर गोंधळावे हेच हवे आहे. पायाला सूज असेल तर वजन फसवे ठरते, हाही आक्षेप खरा. त्यासाठी रक्त घेणाऱ्या मुलीने अर्जाच्या कोपऱ्यात ‘सूज आहे’ एवढे लिहिले की वाचणारा ते वजन जपून वापरील.